नको हो, तापेल

धायरीत आम्ही काही जण एक खोली भाड्याने घेऊन आपापलं काम करतो. समोरच्या टेबलावर एक निवृत्त गृहस्थ बसतात. नाव मी विचारलेलं नाही. ते आल्यावर कॉम्प्युटर फडक्याने पुसतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि सोसायटीच्या नोटिसा टाइप करतात. त्यांचा प्रोसेसर बाजारातला सर्वात महागडा आहे. माझा स्वस्तातला, त्यावर मी लग्नांचे व्हिडिओ तयार करतो.

"नोटिसांसाठी एवढा कशाला घेतलात?" मी एकदा विचारलं.

"असावा एक चांगला. वेळेला लागतो."

एका दुपारी माझ्यावर वेळ आली. संध्याकाळच्या स्वागत समारंभात दाखवायचा व्हिडिओ निम्म्यावर रेंगाळला होता.

"काका, तुमच्या कॉम्प्युटरवर करू का? चटकन होईल."

"नको हो, तापेल," ते म्हणाले आणि 'जिन्यात चपला काढू नयेत' हे वाक्य ठळक करू लागले.

व्हिडिओ माझ्याच कॉम्प्युटरवर वेळेत पूर्ण झाला. समारंभात टाळ्याही पडल्या. माझ्या कामाला स्वस्तातला प्रोसेसर पुरतो, याबद्दल आता शंका नाही. तरीही हल्ली मी खुर्ची फिरवून, त्यांच्या कॉम्प्युटरकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून बसतो.