पडद्याच्या मागून पाहिलेला सिनेमा
माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीतच राहिलं, तेव्हा चुका पोटात घालाव्यात. आज वाळत घातलेल्या चादरीतून ऊन आरपार आलं आणि ती गोष्ट आठवली. लहानपणी शेणव्याच्या जत्रेत पाहिलेला सिनेमा, जास्तीचे प्रसंग जोडून, कल्याणच्या थेटरात परत लागला होता. मी आणि धाकटी बहीण मुरबाडहून एसटीनं गेलो. आमचा हिरो डाव्या हातानं तलवार चालवायचा. हा उजव्या हातानं चालवत होता. मी बहिणीला घेऊन अर्ध्यातच उठले आणि तिकीट देणाऱ्या मुलीला रडवेल्या आवाजात म्हणाले, "पोरी, नवीन भाग जोडताना तुमी सिनेमाच बदललात. हा आमचा नाय." ती म्हणाली, "मावशी, तोच आहे ओ!" पण माझे डोळे पाहून तिनं स्वतःच्या पर्समधून दोन्ही तिकिटांचे पैसे दिले, आणि मी घेतले. परतीच्या बसमध्ये बहीण एकदम खिदळली, "अगो ताय, जत्रेत बाया पडद्याच्या मागं बसायच्या ना! आपण उलटाच बघितला!" मला मात्र शरमेनं मान वर करवेना. तो जास्तीचा भाग बघायला थेटरात बसायचं धाडस अजून झालेलं नाही, पण दुसऱ्याच दिवशी एकटी जाऊन त्या मुलीचे पैसे पुरते फेडले.