हातखंबा येईपर्यंत

आमच्या शेजारच्या कंडक्टरकाकांना मनातल्या मनात काही म्हणताच येत नसे. देवाचं नावसुद्धा ते अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं घ्यायचे. त्यांच्याच रत्नागिरी-लांजा एसटीने मी रोज शाळेत शिकवायला जायची. गाडीत मी एकटी असले तरी ते प्रत्येक थांबा पुकारायचे. "बाई, पुकारल्याशिवाय गाव येत नाय," म्हणायचे.

दुसऱ्याच्या गाडीत बसले की मात्र तोंडाला कुलूप. "आपली ड्युटी नाय. हितं आपण पॅसेंजर," म्हणून हाताची घडी घालून खिडकीशी बसायचे. गुहागरला लग्नाला जाताना तिथला कंडक्टर दोन थांबे विसरला, तरी काका गप्प. काकूंना तेवढाच काय तो आराम.

एका सकाळी साळवी स्टॉप झाला, कुवारबाव झालं, खेडशी झाली आणि हातखंबा काही त्यांच्या तोंडातून येईना. नुसते ओठ हलत होते. तपासणीत मेंदूत गाठ निघाली, तीही बोलण्याच्या जागेला खेटून. गाठ काढताना बोलणं जाऊ नये म्हणून कोल्हापूरच्या डॉक्टरांना आधी त्या जागेचा नकाशा हवा होता. काका-काकूंना मूलबाळ नाही, म्हणून सोबत मी गेले.

एमआरआयच्या मशीनमध्ये डोकं न हलवता निजायचं आणि मनातल्या मनात शब्द म्हणायचे. तेव्हा मेंदूचा जो भाग काम करतो, तो चित्रात उजळतो. काकांनी अर्थातच थांबे निवडले. मशीन सुरू झालं आणि आतून खणखणीत आवाज आला, "कुवारबाव, चला, उतरा लवकर." चित्र पार हललं. मशीन चालवणाऱ्या मॅडमनी पुन्हा समजावलं. या वेळी काका बोलले नाहीत, पण घाबरल्यास दाबायला म्हणून दिलेला रबरी फुगा त्यांनी दोनदा दाबला. भोंगा वाजला, मॅडम धावत आत गेल्या.

"डबल बेल दिली," काका म्हणाले. "खेडशी झाली ना."

मला हसू आवरेना. पण नकाशाच नाही आला तर डॉक्टर कुठून कुठे जाणार? शेवटी काकू पुढे झाल्या. "ऐकलंत? ही गाडी मॅडमची हाय. तुमी पॅसेंजर."

काकांनी हाताची घडी घातली. पुढची वीस मिनिटं आतून हूं की चूं नाही.

चित्रात बोलण्याची जागा उजळली होती, शेजारी गाठ, आणि मध्ये नखाएवढी वाट. "गाडी जाईल मधून?" काकांनी विचारलं.

"हळू नेली तर जाईल," डॉक्टर म्हणाले. "पण तेव्हा तुम्ही जागे राहायचं आणि सारखं बोलायचं. तुम्ही अडखळलात की मी थांबणार."

"म्हणजे ड्युटी आपली," काका म्हणाले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा हसले.

ऑपरेशनमध्ये ते लांज्यापर्यंत कितीदा जाऊन आले कोण जाणे. दर वेळी खेडशीनंतर एकदम पाली. गाठ निघाली, बोलणं राहिलं, हातखंबा तेवढा येईना. येईल किंवा नाही येणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

महिन्याभराने आम्ही एसटीनेच परत निघालो. घाट उतरलो, पाली मागे पडली. काका हाताची घडी घालून खिडकीशी बसले होते. हातखंब्याचा नाका दिसला आणि ते ताडकन उभे राहिले.

"हातखंबा!"

कंडक्टरने चमकून मागे पाहिलं. काकांनी त्याला हात जोडले. "चुकलं हो. गाडी तुमची."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी सरळ रडले. मागची तीन माणसं मात्र पिशव्या उचलून मुकाट्याने दाराशी जाऊन उभी राहिली.