मामंजींनी नकाशा झोपवला

माझे सासरे कचेरीतून पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद ठेवणारे कारकून, म्हणून निवृत्त झालेले. पेपरात सरकारी आदेश छापून आला की तो आपल्याच घरासाठी निघालाय असं ते धरून चालतात. त्या सकाळी बातमी होती: एका बलाढ्य कंपनीने फोनमध्ये आपलीच अ‍ॅप्स आधीपासून भरून लोकांच्या गळ्यात मारली, म्हणून स्पर्धा आयोगाने तिला दंड ठोठावला. मामंजी चहा तसाच ठेवून उठले आणि थेट झाशीतल्या खंडेराव गेटजवळच्या मोबाइलच्या दुकानात. मी मागोमाग.

“इसमें से कंपनी का नक्शा निकालिए. आदेश हो गया है.”

दुकानदाराने फोन उलटसुलट करून पाहिला. “बाबूजी, ये निकलता नहीं है. बंद करके सुला सकते हैं.”

“तो सुला दीजिए.”

त्या रविवारी बरुआसागरला नात्यातली मुंज होती, तळ्यापलीकडच्या शेतघरावर. गाडी मामंजीच चालवत होते. तळ्यापुढे रस्त्याला तीन फाटे फुटले. माझ्या फोनमधला नकाशा जागाच होता, पण मी पर्स घट्ट धरून बसले. मला मजा बघायची होती. मामंजींनी पेरूवाल्याला रस्ता विचारला. त्याने खिशातून फोन काढून तोच नकाशा उघडला. पानवाल्यानेही तेच केलं. शेवटी एका ट्रॅक्टरमागे धूळ खात पोचलो, तेव्हा पंगत बसली होती.

“लोकेशन पाठवलं होतं ना?” यजमानांनी विचारलं.

“आम्ही स्पर्धा वाढवत होतो,” मामंजी गंभीरपणे म्हणाले.

जेवताना त्यांनी सगळ्यांना आदेश समजावून सांगितला. त्यांच्या दोन भाच्यांनी, एक नुकताच बबीनाला बदलून आलेला फौजी आणि दुसरा नागपूरहून येऊन झाशीत हॉटेलात उतरलेला, मामाचा मान राखायचा म्हणून आपापले नकाशे झोपवूनही घेतले.

परतताना भाच्यांच्या दोन गाड्या आमच्या मागे होत्या. मला वाटलं, झाशीत शिरल्यावर वळतील. वळल्या नाहीत. ओरछा गेटच्या आमच्या चिंचोळ्या गल्लीत तिन्ही गाड्या एकामागे एक अडकल्या आणि मागून दूधवाला हॉर्न वाजवू लागला.

“मामा, रस्ता माहीत नव्हता. म्हटलं, तुमच्या मागे राहावं,” फौजी भाचा ओशाळून म्हणाला.

मामंजी माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा फुलला होता. “बघ, पर्याय दिला की गिऱ्हाईक येतं.”

मी सगळ्यांसाठी पोहे भिजवायला घेतले.