उघडे राहिलेले गाऱ्हाणे

दि. १७ नोव्हेंबर २०२२ रोजी आमच्या चाळीतले रामू घाडी यांना त्यांच्या आवाजाबद्दल रुपये दोन हजार दोनशे पन्नास मिळाले. ठरले होते अडीच हजार. दहा टक्के कर कापला होता. एवढ्या लहान रकमेवर तो कापायचा नसतो असे मी त्या कंपनीला पत्राने कळवले. उत्तर आले नाही. त्या अडीचशे रुपयांसाठी मी हे लिहायला बसलेलो नाही. त्या दिवशी आणखी बरेच काही कापले गेले, त्याबद्दल लिहितो आहे.

घाडीमामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. सतराव्या वर्षी कुडाळकडून आले आणि गिरणीत साच्यावर लागले. संपात नोकरी गेली, तेव्हा लालबागच्या मिरची गल्लीत मसाला कुटणाऱ्या डंकावर अठरा वर्षे काढली. आधी छातीत कापूस गेला, नंतर मिरची. त्यामुळे त्यांचा आवाज खरखरीत आहे, खोल विहिरीतून रहाट ओढल्यासारखा. त्या आवाजाने त्यांनी चाळीत पन्नास वर्षे गाऱ्हाणी घातली.

मी गिरगावात वाढलो, लग्नानंतर इथे आलो. आमच्याकडे ही पद्धत नव्हती, त्यामुळे मला ती शिकावी लागली. कोकणी माणूस कुठलेही काम सुरू करण्याआधी देवाच्या कानावर घालतो. एक जाणता उभा राहून मोठ्याने सांगतो आणि भोवती जमलेले लोक प्रत्येक वाक्यानंतर "व्हय म्हाराजा" म्हणतात. हा होकार आला नाही तर गाऱ्हाणे पुरे होत नाही. मामा आधी चौकशी करत, "नाव काय, काम काय, खोली कितवी?" देवाला पूर्ण पत्ता द्यायचा. शेवटी काम झाले की नारळ देण्याचे वचन. एखाद्या नीट लिहिलेल्या अर्जासारखे ते मला वाटे, आणि म्हणून आवडे. नळाची नवी लाइन, मुलांची दहावी, कुणाचे बायपास, सगळ्यासाठी मामा उभे राहिले. त्यांच्या पत्नी गंगुबाई मात्र टोमणा मारत, "जगाचा सांगणा घालतास, माझ्या गुडघ्याचा देवान आयकलान नाय तो!"

तर नोव्हेंबरात लोअर परळच्या एका ऑफिसातून सलोनी नावाची मुलगी चाळीत आली. चाळीच्या जीवनावर एक व्हिडिओ गेम करतो आहोत, म्हणाली. गॅलरीचे, जिन्याचे, दारांचे फोटो काढले. मामांचे गाऱ्हाणे ऐकले आणि हुरळून गेली. "काय टेक्स्चर आहे आवाजाला!" गिरणीचा कापूस आणि मिरचीची पूड, यांना तिच्याकडे हा शब्द होता.

रेकॉर्डिंगला मामांबरोबर मी त्या ऑफिसात गेलो. जागा जुन्या गिरणीच्या आवारातलीच होती. "तुमचीच का ही गिरण?" मी विचारले. "छ्या, ही शेजारची. हेंचो भोंगो पाच मिनटा उशिरा वाजायचो."

करार इंग्रजीत होता. चाळ समितीचा चिटणीस म्हणून आणि बी.कॉम. म्हणून तो मी वाचला. रक्कम तपासली, तारीख तपासली, नावाचे स्पेलिंग तपासले. "सर्व प्रकारच्या वापरासाठी, कायमस्वरूपी" या शब्दांवरून मात्र माझे डोळे सरकून पुढे गेले. साक्षीदार म्हणून सही माझीच आहे.

मामांनी नेहमीप्रमाणे चौकशी सुरू केली.

"नाव काय गे तुझा, चेडवा?"

"सलोनी."

"आणि ह्या दाढीवाल्याचा?"

"ध्रुव. तो आमचा बॉस आहे, आजोबा."

"आजोबा, नावं नकोत," ध्रुव म्हणाला. "जनरल काहीतरी बोला ना."

"जनरल देवाक कळना नाय," मामा म्हणाले आणि काचेपलीकडच्या खोलीत गेले. तिच्या भिंती गादीसारख्या होत्या. आत आवाज मरून जात होता.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या जागेर सलोनी, ध्रुव आणि त्येंचे सोबती जो काय धंदो मांडून बसले हत..."

मामा थांबले. कोणी काही बोलले नाही.

"छान, आजोबा, कंटिन्यू," सलोनी माइकवरून म्हणाली.

"अगो, व्हय म्हणा कोणीतरी!"

"ते आम्ही नंतर टाकू."

"नंतर?" मामांनी काचेतून माझ्याकडे पाहिले. मी हाताने खूण केली, चालू द्या. कामात व्यत्यय नको असे मला वाटले. प्रत्येक वाक्यानंतर मामा थांबत राहिले, होकाराची वाट पाहत राहिले, आणि त्या मुक्या खोलीत तसेच पुढे जात राहिले. त्यांच्या धंद्याला यश दे, त्यांच्या वाटेतली इडापिडा दूर कर. शेवटी, "काम तडीस गेला की ह्याच जागेर तुका नारळ देतलंय, म्हाराजा." तेव्हाही शांतता.

गेम पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आला. नाव "चौथा मजला". माझी मुलगी श्रेया हिने तो लॅपटॉपवर मला दाखवला. रविवारची दुपार होती, सुनेत्रा, म्हणजे माझी पत्नी, आत भाकऱ्या थापत होती. तरीही दहा मिनिटांत मी उठून दाराची कडी लावून आलो. हे मान्य केले पाहिजे, नाहीतर पुढचे सांगणे खोटे ठरेल.

आमची चाळ तीन मजली आहे. गेममध्ये एक बाई बंद पडलेल्या चाळीत वडिलांचे कागद शोधायला येते. जिना चढते, आणि चौथा मजला लागतो. हातात शस्त्र नाही, फक्त टॉर्च. भूत दिसत नाही. नळ ठिबकत असतो. वळून पाहिले की मागे मोजून एक दार जास्त असते. पडद्याच्या कोपऱ्यात त्या बाईचे मन किती थाऱ्यावर आहे ते दाखवणारी पट्टी आहे. ती जसजशी उतरते तसतशी गॅलरी अरुंद होत जाते, आणि पाहणाऱ्यालाही उगाच खांदे आखडून घ्यावेसे वाटतात. हे सगळे आमच्या गॅलरीत घडते. फुटकी लादी आमची. समितीच्या नावाचे पाण्याचे पिंप आमचे. सत्तावीस नंबरच्या दाराची वाकडी कडी माझी. त्या दाराला कुलूप आहे आणि आत कोणीतरी सावकाश श्वास घेते आहे. माझे भाडे मी भरतो, तर माझ्या घरात श्वास घेणारा हा कोण?

आणि मग मामांचा आवाज येतो. "बा देवा म्हाराजा..."

त्यांनी जिथे जिथे होकाराची वाट पाहिली होती, तिथे बंद दारांमागून मेलेली माणसे कुजबुजतात, "व्हय म्हाराजा." एकेका होकाराला एकेक दार उघडते.

"बाबा, आता काही बोलायचं नसतं," श्रेया म्हणाली. "इथे उत्तर द्यायचा ऑप्शन येतो. व्हय म्हणालं की खेळ खल्लास. ती बाई मरते."

मागणे भल्यासाठी होते. ते घेऊन त्यांनी मरणाचे बोलावणे केले.

मामांना मी स्वतः ऐकवले, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरे. हेडफोन कानाला लावून त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. भुताच्या तोंडी आपला आवाज घातला याचे त्यांना फारसे काही वाटले नाही. "देवचाराचा काम कोणीतरी करूक व्हयाच," म्हणाले. मग हेडफोन काढून त्यांनी विचारले, "नावा खय हत, हेमचंद्रा?"

मी पुन्हा ऐकले. सलोनी, ध्रुव आणि त्यांचे सोबती, ही नावे नव्हती. तिथे नुसता एक श्वास होता. ज्यांच्यासाठी मागितले त्यांनीच आपली नावे कापून टाकली आणि उरलेले विकले.

२६ जानेवारीला चाळीची सत्यनारायणाची पूजा असते. पूजेनंतर मामा दरवर्षी चाळीचे गाऱ्हाणे घालतात. यंदाही उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, ह्या चाळीतली लहानथोर..." आणि समोरच्या पोरांनी दोन्ही हातांनी तोंडे दाबली. ती खुदुखुदु हसत होती. मोठी मुलेही त्यात सामील. "बोलू नका रे, मराल!" मागून कोणीतरी ओरडले. आम्ही चार-पाच म्हातारे बोललो, पण तोवर हसू पसरले होते. मामा थांबले. त्या काचेच्या खोलीत थांबले होते तसेच. मग प्रसादाचा द्रोण हातात घेऊन खाली बसले.

गंमत असती तर मीही हसलो असतो. पण दोन आठवड्यांनी, नऊ फेब्रुवारीला, परळच्या रुग्णालयात गंगुबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले होते. आणि आयुष्यभर टोमणे मारणाऱ्या गंगुबाई आता म्हणू लागल्या, "गाऱ्हाणा घातल्याबिगर मी टेबलावर चढूचंय नाय."

"घालूक येना नाय," मामा म्हणाले. "थयला, त्या काचेच्या खोलीतला गाऱ्हाणा उघडा हा. जित्या माणसान व्हय म्हटल्यान नाय. एक उघडा असताना दुसरा कसा घालू?"

"मगे रवांदे गुडघो. बसतंय अशीच!"

डॉक्टरांची तारीख मिळायला चार महिने लागले होते. म्हणून सोमवारी, पाच फेब्रुवारीला, मी अर्धी रजा टाकली आणि मामांना घेऊन लोअर परळला गेलो. मामांच्या पिशवीत नारळ होता. माझ्या फाइलमध्ये तीन पानी पत्र होते.

ध्रुव खाली लॉबीतच भेटला, सलोनीही बरोबर होती. पत्राची वरची ओळ वाचून त्याने ते परत दिले.

"अंकल, कमेंट्स वाचा ना! बेस्ट व्हॉइस म्हणतायत लोकं. ब्राझीलचा एक माणूस तीन दिवस झोपला नाही."

"कुणाची झोप उडावी म्हणून यांनी गाऱ्हाणे घातले नव्हते. तुमचे भले व्हावे म्हणून घातले होते. नावानिशी."

"झालं ना मग भलं! ॲग्रीमेंट आहे, अंकल. आणि विटनेस तुम्हीच आहात."

मी पत्र परत फाइलमध्ये ठेवले.

"दुसऱ्या भागासाठी पाच हजार देऊ आजोबांना," तो म्हणाला.

"पैसे नको रे झिला," मामा म्हणाले. "दोन मिनटा उभो रव आणि व्हय म्हण. तुझाच मागणा हा ता."

ध्रुवचा फोन वाजला. बोट वर करून, एक मिनिट अशी खूण करून तो लिफ्टमध्ये गेला. ते मिनिट अजून संपलेले नाही.

सलोनी मात्र मागे थांबली होती. "मला म्हणता येईल का?" तिने विचारले. "की मी नको?"

"तुझा नाव घातलंय मी. तूच व्हयी."

मामांनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि त्या चकचकीत लॉबीत गाऱ्हाणे पहिल्यापासून घातले. सगळी नावे घेतली, ध्रुवचेसुद्धा. पहिल्या वाक्यानंतर सलोनीने लिफ्टकडे पाहिले. दुसऱ्याला ती म्हणाली. मीही म्हणालो, सव्वा वर्ष उशिरा. आणि तिसऱ्या वाक्याला दारावरचा सुरक्षारक्षक असा खणखणीत "व्हय म्हाराजा" ओरडला की लिफ्टपाशी उभे असलेले लोक दचकले. तो सावंतवाडीचा निघाला.

मामांनी नारळ बाहेर काढला तेव्हा त्यानेच हात धरला. "व्हय म्हटलंय मामानू, पण नारळ फोडूक देवचंय नाय. लादीचो टवको उडालो तर माझी नोकरी जायत."

"बाहेर फोडा ना, आजोबा," सलोनी म्हणाली.

"भायर कबूल करूक नाय मी. ह्या जागेर कबूल केलंय." मामांनी नारळ परत पिशवीत टाकला आणि वर, छताकडे पाहून म्हणाले, "व्हय मिळालो. नारळाक वायच थांब, म्हाराजा."

गुरुवारी संध्याकाळी गॅलरीत गंगुबाईंच्या गुडघ्याचे गाऱ्हाणे झाले. पोरे पुन्हा तोंड दाबून उभी. खुर्चीवर बसलेल्या गंगुबाईंनी काठी आपटली. "म्हणा रे मेल्यांनो! गुडघो माझो हा, भुता तुमची!" पोरे एवढी घाबरली की पुढचे प्रत्येक "व्हय म्हाराजा" तळमजल्यापर्यंत ऐकू गेले. ऑपरेशन नीट झाले. आता त्या काठीशिवाय नळापर्यंत जातात आणि गुडघा डॉक्टरांनी बरा केला असे सांगतात.

"चौथा मजला" अजून विकला जातो. त्यातल्या सत्तावीस नंबरच्या दारामागे अजून कोणीतरी श्वास घेते. नारळ फोडण्याच्या परवानगीसाठी त्या इमारतीच्या व्यवस्थापनाला मी दोन अर्ज केले, दुसरा पोचपावतीसह. उत्तर नाही.

घाडीमामांकडून त्या जागेवर एक नारळ देणे आहे.