शंभू कुबल आणि अस्करचा दिवा

शंभू कुबलच्या लेखी जगात दोनच जाती होत्या: हाताने काम करणारे आणि टाय लावणारे. टायवाल्यांना तो मनातल्या मनात गाढव म्हणे. देवगडच्या मच्छीमाराचा हा मुलगा १९७६ साली बहारीनला आला आणि मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपात बॅटऱ्यांच्या कामात मुरला.

१९८४ मध्ये वर्कशॉपकडे अस्कर या मच्छीमार गावासमोरच्या खडकावर होड्यांना इशारा देणाऱ्या दिव्याचं काम आलं. लोखंडी खांब, वर सोलर पॅनेल, खाली सावलीत बॅटऱ्या, आणि त्या भरल्या की चार्जिंग तोडणारी कंट्रोलरची पेटी. दिवा उजाडायच्या आधीच विझू लागला. वर्कशॉपचे इंजिनियर, पुण्याचे दत्तप्रसाद साहेब, यांनी होडीतूनच निदान केलं, "बॅटऱ्या गेल्या. बदला."

बदलल्या. दोन महिन्यांत पुन्हा रड. साहेब पुन्हा म्हणाले, "बॅटऱ्याच."

"ह्येका इंजिनेर कोणी केल्यान?" शंभू पुटपुटला आणि भर दुपारी खांबावर चढला. डोक्यावर आग ओकणारं ऊन, तरी चार्जिंगचा काटा शून्यावर. बॅटऱ्या तर अर्ध्याही भरलेल्या नव्हत्या. त्याने पेटीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पेटी उन्हात होती, तव्यासारखी तापलेली. बॅटरी तापली तर चार्जिंग लवकर तोडायचं, अशी त्या पेटीत सोय होती. पण ती मोजत होती स्वतःचाच ताप. सावलीतल्या बॅटऱ्यांना ती उगाच उपाशी ठेवत होती. शंभूने ओलं फडकं तिच्यावर टाकलं. थोड्या वेळाने काटा हलला, वर चढला.

खाली साहेब छत्री धरून सँडविच खात होते. "काय रे, दिसलं काही?"

शंभूने फडकं काढून खिशात कोंबलं. "आम्हाला काय कळतं साहेब? तुम्ही शिकलेले."

दुसऱ्यांदा बॅटऱ्या बदलल्या, तेव्हा तो आठवडाभर खुशीत होता.

पुढच्या महिन्यात अस्करचा मच्छीमार नजीब वर्कशॉपात आला. हात गळ्यात बांधलेला. पहाटे परतताना त्याची होडी त्याच खडकावर फुटली होती. "बत्ती बंद था," तो एवढंच म्हणाला.

"तूच झोपला असशील," साहेब हिंदीत खेकसले.

साहेबांच्या तोंडावर थुंकावं असं शंभूला वाटलं. पण तोंड कोरडं पडलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याने पेटी उतरवून बॅटऱ्यांशेजारी सावलीत बसवली आणि साहेबांना सगळं सांगितलं.

"मग आधी का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलं कुठे?" हे उत्तर त्याने कधीपासून तयार ठेवलं होतं. बोलल्यावर त्यात काही राम वाटला नाही.

दिवा नीट जळू लागला. साहेबांनी रिपोर्टात शोध स्वतःच्या नावावर लावला. शंभूला ते अपेक्षितच होतं, गाढवाकडून दुसरं काय मिळणार?

शुक्रवारी तो अस्करला गेला. नजीब घरासमोर एका हाताने जाळं सोडवत होता. शंभूने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगून टाकलं, की दोष कुठे आहे ते त्याला महिनाभर आधीच ठाऊक होतं.

नजीबने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग वाळूत थुंकला. "यल्ला, जा," म्हणाला आणि पुन्हा जाळ्याला लागला.