बेसबॉलच्या मॅचला आम्ही दोघं

ह्यांच्या बायपासला तीन महिने झाले होते. कोयलीच्या रिफायनरीत आयुष्य घालवलेला, घरातसुद्धा मशीनच्या वरताण आवाजात बोलणारा माझा नवरा ऑपरेशननंतर अगदी गप्प झाला होता. डॉक्टर म्हणत होते, "सगळं उत्तम आहे, बाहेर पडा." पण हे आमच्या गोत्री भागातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत छातीवर हात ठेवून बसून राहायचे.

त्या रविवारी आमच्या अकरावीतल्या लेकीची बेसबॉलची मॅच होती. बुटांची नाडी बांधताना ती म्हणाली, "बाबा, चला ना. कंटाळा आला तर रिक्षा करून परत या."

काय वाटलं कोण जाणे, हे उठले.

निजामपुऱ्याकडच्या त्या मैदानावर चुन्याच्या ताज्या रेघा मारल्या होत्या. बाजूला स्कूटर लावलेल्या, आणि बसायला उन्हात तापलेल्या चार पायऱ्या. कडुनिंबाची सावली एवढ्याशा तुकड्यावर होती आणि तिथे एक गुजराती बाई आधीच बसल्या होत्या. ह्यांची चाल पाहून त्या सरकल्या, स्वतःची उशी पायरीवर ठेवली आणि म्हणाल्या, "अहीं बेसो, भाई." स्वतः मात्र उन्हात बसल्या. त्यांची मुलगी समोरच्या टीममध्ये होती.

बॅटचा टण्ण आवाज झाला. चेंडू उंच गेला आणि बॅटिंग करणारी मुलगी बॅट टाकून धावत सुटली.

"अगं, बॅट टाकून काय पळते ती?" हे मला म्हणाले. जन्मभर क्रिकेट पाहिलेला माणूस!

बाई हसल्या. "आमां तो बॅट नाखीने ज दोडवानुं!" यात बॅट टाकूनच पळायचं असतं, हे मग त्यांनी हातवारे करून समजावलं. ह्यांचे प्रश्न संपेनात. मी मुद्दाम मध्ये बोलले नाही.

आमची लेक कॅचर, म्हणजे यातली विकेटकीपरच. तोंडावर जाळीचा मुखवटा, अंगात जाड चिलखत, धुळीत उकिडवी बसलेली. शेवटी शेवटी समोरच्या टीममधली एक मुलगी रन पुरी करायला तिच्या दिशेने जीव खाऊन धावत आली. लांबून चेंडू आला, लेकीने तो झेलला आणि धुळीत अंग झोकून चेंडूसकट ती त्या मुलीला शिवली. क्षणभर काही दिसेना. मग पंचांची मूठ वर गेली.

"आऊट! आऊट!" हे ताडकन उभे राहून ओरडले. पायऱ्यांवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. मी घाबरून त्यांचा दंड धरला. आऊट झालेली मुलगी नेमकी त्या बाईंची. त्यांनी पाण्याची बाटली ह्यांच्यापुढे धरली.

"तमारी छोकरी?"

"हो, माझी!" हे म्हणाले. छातीवरचा हात कधी खाली आला, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

मॅच आमची टीम एका रनने हरली. लेक रडवेली होऊन आली, तर हे तिलाच तो झेल वर्णन करून सांगत बसले, पार्किंगपर्यंत, मोठ्या आवाजात. तो आवाज ऐकत मी मागून चालत होते. माझे डोळे भरून आले होते, म्हणून जरा मागेच राहिले.

त्या बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं. उशी परत करताना मी नुसते हात जोडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आपल्या मुलीला हाक मारत निघून गेल्या.