नापास उमेदवार आणि शांताक्का

“आक्का, रस्सा गार व्हायलाय, आता तरी खाली बसा की!” पंगतीतून आमच्या तालमीचे वस्ताद ओरडत होते. पुढ्यात भाकरी होती, वाटी कोरडी होती. त्यांच्या मागं दीडशे माणसं तशाच कोरड्या वाट्या घेऊन बसलेली. भूक अशी लागलेली, की शेजारच्या परसूनं पत्रावळीचा एक कोपरा खाऊन टाकला होता. वाढपी मात्र हलत नव्हते. जेवण घालणाऱ्या उमेदवाराला शांताक्कांनी प्रश्न विचारला होता, आणि उत्तर आल्याशिवाय रश्श्यात डाव बुडवायचा नाही, असा वाढप्यांना दम भरला होता.

एवढ्या दांडग्या गड्यांनी सत्तरीच्या बाईचं का ऐकावं? तर आक्कांनी पस्तीस वर्षं शाळेची प्रयोगशाळा सांभाळली होती, आणि कोल्हापुरातल्या आमच्या पेठेत ज्यानं त्यांच्यासमोर परीक्षानळी फोडली नाही असा पुरुष शोधून सापडायचा नाही. महाराष्ट्रभर कुस्त्या मारलेला पैलवान त्यांना बघून गल्ली बदलायचा. त्यातून आक्का लिंगायत. आम्ही मटणाचा वास खात बसलो होतो, त्या घरून दहीभात खाऊन आल्या होत्या. त्यांना कसली घाई?

उमेदवार दादांनी नुकतंच भाषण संपवलं होतं. उसावर ड्रोन, चौकात रोबो, नदीवर उपग्रहाची नजर. मंगळावर तालीम काढायची तेवढी राहिली होती. आक्का प्रत्येक जाहीरनामा लाल पेनानं तपासायच्या आणि शेरा एकच मारायच्या. तोच त्यांनी दादांना ऐकवला, “साहित्य न्हाई, कृती न्हाई, डायरेक्ट निष्कर्ष?”

मग मुद्द्यावर आल्या. पुराचं पाणी वाढलं की भोंगा वाजवणारं यंत्र घाटावरच्या खांबाला लावलेलं होतं. उद्घाटनाला पुढाऱ्यांचा हात पोचावा म्हणून छातीएवढ्या उंचीवर. मागच्या पुरात पेठेत सगळ्यात आधी बुडालं ते यंत्रच. भोंग्यानं हूं की चूं केलं नाही.

दादा म्हणाले, आता सगळं एआय बघणार.

“त्याला पवता येतंय?” आक्कांनी विचारलं.

पंगत हसली. आक्का हसल्या नाहीत. “माझी बहीण बारा वर्षं अंथरुणावर हाय. चार गडी गोळा करून तिला माडीवर न्यायला दोन तास लागत्यात. मागच्या खेपंला पाणी खाटंला लागलं, तवा आम्हाला कळलं. दोन तास आधी मला कोण सांगणार, त्याचं नाव सांगा.”

दादांनी तालमीची माती कपाळाला लावली आणि शपथ घेतली, निवडून आल्या आल्या यंत्र वर बसवतो.

“शपथ म्हंजे कृती न्हवं,” आक्का म्हणाल्या आणि वाढप्यांकडं वळल्या. “वाढा. नापास झालाय ह्यो.”

आम्ही तो नापास माणूस तीन-तीन वाट्या रस्सा पिऊन निवडून दिला. यंत्र आपलं छातीएवढंच राहिलं.

पावसाळ्याच्या तोंडाला आक्कांनी घाटाच्या पायऱ्यांवर पट्टी धरून लाल रंगाच्या तीन रेघा मारल्या आणि तालमीतल्या आम्हा चौघांच्या पाण्यावर नजर ठेवायच्या पाळ्या लावल्या. ज्यानं शाळेत जास्त नळ्या फोडल्या, त्याला जास्त पाळ्या. मी आठवडाभर घाटावरच राहायला होतो म्हणा ना. तिसऱ्या रेघेला पाणी टेकलं आणि मी बोंबलत सुटलो. चार गडी तयारच होते, तासाभरात बहीण खाटेसकट माडीवर होती आणि आम्हालाच चहाला साखर कमी पडली म्हणून सांगत होती.

घाटाला लागून पहिलं घर आक्कांचं. तिसऱ्या दिवशी दादा होडीतून पाहणीला आले, मागं दोघं मोबाइलवर चित्रण करत होते. आक्कांच्या माडीच्या खिडकीसमोर त्यांनी होडी थांबवली, मोबाइलकडं तोंड केलं आणि मोठ्यानं विचारलं, “काय आक्का, यंत्र वाजलं न्हवं वेळेवर?”

आक्कांनी खाली वाकून बघितलं.

“तुमच्या होडीखाली हाय ते.”